चंद्रप्रभा आणि प्रतिमा एकच असल्याबाबत

नाव : आदेश संग्राम काटकर. वय : पंचवीस. धंदा : ठरावीक नाही, सध्या ट्रकवर क्लीनर. राहणार : तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा. हल्ली मुक्काम : सरोजिनी नगर, लखनौ.

मी समक्ष हजर राहून स्वतःच्या हाताने लिहून देतो की, हा जबाब सोमवारीच द्यायचा होता. मी टाळला. आईच्या जुन्या बेपत्ता तक्रारीच्या तपासाला साताऱ्याहून आलेले हवालदार मधुकर जगताप रोज फोन करायचे आणि मी 'निघालोच' सांगून हजरतगंजात फिरायचो. आज त्यांनी मला चहाच्या टपरीवरून धरून इथल्या ठाण्यात आणलं. म्हणाले, "तूच लिही बाबा. तुझं ऐकून लिहायला बसलो तर इथेच रिटायर होईन."

माझे वडील फौजेत होते. त्यांची बदली लखनौला असताना आम्ही सरोजिनी नगरात भाड्याने राहायचो. मी सहा वर्षांचा असताना आई घरातून गेली. का गेली ते मला विचारू नये. वडिलांनी इथे आणि गावाकडच्या ठाण्यातही ती बेपत्ता असल्याची तक्रार दिली. तीत नाव चंद्रप्रभा संग्राम काटकर. पुढे लवकरच बदली झाली आणि आम्ही गावी गेलो. आईच्या माहेराशी संबंध राहिला नाही.

या वर्षी कानपूरकडची गाडी मिळाली म्हणून शोधायला आलो. जुन्या मतदार याद्यांत चंद्रप्रभा शोधत राहिलो. एक सापडली, ती म्हातारी निघाली. तिने मला जेवू घातलं, कढी फार चांगली होती. हे इथे लागत नाही, पण झालं ते लिहितो.

मग जुन्या पत्त्यावर गेलो. घरमालकीण अजून आहेत. त्या म्हणाल्या, "अच्छा, तू प्रतिमा का लड़का है! तेरे बाप के सामने चंद्रप्रभा, मेरे सामने प्रतिमा. वो तो लौटी थी बेटा. तुम लोग जा चुके थे. शाम तक सीढ़ी पर बैठी रही. फिर चिनहट चली गई, फ़ैक्टरी में."

आमच्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळात बायकोचं नवीन नाव लिहितो. मित्रांच्या लग्नांत मी ते पाहिलंय, टाळ्याही वाजवल्यात. पण आपल्या आईला आधी दुसरं नाव असेल हे डोक्यात आलं नाही. मी तिला आई म्हणायचो.

आईच्या वडिलांचं नाव पंढरीनाथ, तेवढं माहीत होतं. चिनहट लखनौच्याच दुसऱ्या टोकाला आहे, तिथल्या मतदार यादीत प्रतिमा पंढरीनाथ लगेच सापडली. यादीतल्या पत्त्यावरच्या खोलीत आता दुसरे लोक राहतात. त्यांनी ती वारल्याचं सांगितलं आणि मला आत बोलावलं, मी गेलो नाही.

नगर निगमच्या दफ्तरात मृत्यूची नोंद आहे. मागचा फेब्रुवारी, न्यूमोनिया. नातेवाइकाच्या जागी 'कोई नहीं' लिहिलंय. ते खोडून माझं नाव घाला म्हणालो. बाबूने मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाला, "भैया, तुम्हारे काग़ज़ में माँ चंद्रप्रभा है, ये प्रतिमा है. दोनों एक हैं, ये कहेगा कौन?"

घरमालकिणीचं चालणार नाही, नातेवाईकच हवा, असंही तो म्हणाला. माझे मामा वारले. आता हे सांगू शकतील असे फक्त वडील. मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "त्या नावाची बाई मला माहीत नाही. तू तुझी गाडी बघ." फोन ठेवला.

माझं म्हणणं एवढंच, की मयत प्रतिमा ही माझी आई आहे आणि 'कोई नहीं' हे खरं नाही.

वरचा मजकूर हवालदारांनी मोठ्याने वाचला. मी लिहिल्याप्रमाणे आहे, त्यात कोणी काही घातलेलं नाही. सही करतो.

सही करताना बाहेर बोलणं ऐकू आलं, म्हणून आणखी लिहितो. वडील आले आहेत. मी बोलावलेलं नव्हतं. पहाऱ्यावरच्या शिपायाने त्यांना विचारलं, "आप कौन?"

ते म्हणाले, "प्रतिमा का पति."

पुढचं त्यांच्याकडून लिहून घ्यावं.