न पुसलेली पाटी

सन्माननीय अध्यक्ष आबासाहेब, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आज आपला निरोप घेणाऱ्या आमच्या विजयमालाबाई, आणि समोर बसलेल्या माझ्या माता-भगिनींनो,

माझा आवाज मागपर्यंत पोचतो ना? आमच्या होटगीच्या घरात शाळेची पायरी चढलेली पहिली मीच. त्यामुळे हे भाषण घरी कुणाला तपासायला देता आलं नाही. 'आदरणीय' म्हणावं की 'सन्माननीय', यातच कालची दुपार गेली.

बाईंची बदली माढ्याला झाली, तेव्हा आबासाहेब मला म्हणाले, "पोरी, बायकांचा वर्ग आता तू चालव. नाहीतर कुलूप लावावं लागेल." मी उत्तर द्यायला आजपर्यंतची मुदत मागून घेतली. तेव्हापासून घास गोड लागत नाही.

आमच्या वर्गाची एक रीत पाहुण्यांना ठाऊक नसेल. रोज सकाळी धड्याआधी प्रत्येकीनं मनात सलत असेल ते पाटीवर लिहायचं आणि पुसून टाकायचं. कुणी कुणाचं वाचायचं नाही, बाईंनीसुद्धा नाही. कागदावर लिहिलं तर घरचे विचारतात, "कुणाला चिठ्ठी लिहितेस गं?" पाटीला कोण विचारतं?

पहिल्या दिवशी चंद्रव्वा म्हणाली होती, "पुसायचंच हाय तर लिवायचं कशाला वो बाई? पेन्सल फुकट!"

बाई म्हणाल्या, "चूल रोज सारवतेस ना? पुन्हा राख होतेच की."

तेवढ्यात बिबीजान म्हणाली, "माज्या सासूला येक पाटी पुरायची न्हाय, बाई!"

बिबीजान, रागावू नकोस हं. सासूबाई आज आल्या नाहीत ना?

सगळ्या हसल्या, मी मात्र घाबरले. पाटी म्हणजे सरस्वती. तिच्यावर वाईट विचार लिहिले तर पाप लागेल का? लिहिलेलं खरं झालं तर? बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, सरस्वतीलाही कधी ऐकून घ्यावंसं वाटत असेल. लिही."

लिहून काळजी गेली, असं खोटं सांगणार नाही. पण डोक्यात असताना ती घरभर असायची. पाटीवर उतरली की चार ओळींची व्हायची.

आज सकाळी मी लिहिलं, 'मला वर्ग जमणार नाही. बायका हसतील. बाईंचं नाव जाईल.' आणि पुसायला हातच उचलेना. ती पाटी आत्ता माझ्या पिशवीत तशीच आहे.

आबासाहेब, माझं उत्तर असं आहे. उद्या सकाळी वर्गात ती पाटी मी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचीन. मग चंद्रव्वाकडून ओलं फडकं मागून घेईन, ती पुसेन, आणि धडा सुरू करीन.

बाई, आभाराला शब्द शोधत बसले तर तुमची गाडी चुकेल. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात कुठं चुकलं असेल, तर तेवढं पुसून टाकावं.