पहिला घास मशीनीला

— दहा मिनिटं? एवढंच ना? मग बसा की म्याडम, उभ्यानं काय पाहून राहिल्या त्या पट्टीकडं, ती काय पळून जाती का? बसा त्या पोत्यावर, हळदीचंच हाय, नवं हाय. ड्रेसला लागंल जराशी — लागू द्या, हळद लागलेली बाई चांगलीच दिसती. मला हसू येऊन राहिलं, मनावर घेऊ नका, मला भेव वाटलं का हसूच येतं, लग्नातबी मी अशीच हसत होते, सासू म्हनली, हिला काही झालं तर न्हाई? आज तिसरी बारी हाय ना म्हणून. पहिल्या बारीला नापास, दुसऱ्या बारीला नापास, अन् मालकानं काल सगळ्या बायांना उभं करून सांगितलं का आज जर का म्याडमच्या पट्टीवर शेंगदाना निघाला तर पुण्याची कंपनी आपली हळद घेनार न्हाई, मग गिरणी बंद, अकरा बाया घरी. अकरा — व्हय, पहिले बारा होतो. ते सांगते पुढं. पानी पिता का?

एक रेघ म्हणजे पास, दोन रेघा म्हणजे नापास, बराबर? आता बराबर पाठ झालं. पहिल्या बारीला तुमी आल्या तवा आमाला कुठं ठाव होतं! तुमी कापसाची काडी मशीनीच्या तोंडात फिरवली, त्या बारक्या शिशीत बुडवली, पट्टी टाकली, अन् समद्या बाया टाचा वर करून पाहून राहिल्या — अन् आल्या की दोन रेघा! आमी तर टाळ्याच पिटल्या! काहून म्हणजे? दवाखान्यात सिस्टरबाई अशीच पट्टी दाखवते ना पोरींना, दोन रेघा आल्या का गोड बातमी, सासू साखर वाटती! तशाच टाळ्या पिटल्या आमी. मालक संतरामभाऊ पन हसत हसत तुमच्याकडं आले, अन् तुमचं तोंड पाहिलं अन् — आठवतं का तुमाला? त्यांच्या हातातला नारळ तसाच राहिला. नापास झालो अन् टाळ्या पिटल्या, जिल्ह्यात असं कोनी केलं नसंल. पाहा, तुमालाबी हसू आलं. किती झाली मिनिटं? दोनच?

म्याडम, एक बोलू का — पहिले पहिले मला हे समदं येडपटपना वाटत होता. शेंगदान्यानं मानूस मरतो? आवं आमच्या हट्ट्याच्या रोडला कोनालाबी विचारा, आमची लेकरं शेंगदान्यावरच वाढली. हिंगोली जिल्हा झाली त्या साली मालकानं ही गिरणी घातली, तवा काय दळत होतो आमी? शेंगदान्याची चटनीच की! ह्याच शेडात, ह्या तिकडच्या भिंतीला. वास असा सुटायचा का बसवाला बस हळू करायचा. मग तुमची कंपनी आली, म्हनली हळद पाहिजे, परदेशात लेकरांच्या खान्यात जानार हाय, पन शेंगदान्याचा कन नको. मालकानं चटनीची मशीन इकून टाकली, भिंती घासल्या, चुना दिला, फरशी नवी बसवली. अन् मला म्हनले, जमनाबाई, तुजं नाक तेज हाय, तू फाटकावर बस. तवापासून मी फाटकावर. आत येनाऱ्या बाईचा डबा उघडून वास घ्यायचा, हात धुवायला लावायचे, अन् पदर झटकून दाखव म्हनायचं. पदर झटकल्याबिगर मी माझ्या सख्ख्या सुनेला आत सोडलं न्हाई, तुमाला खोटं वाटंल. बाया चिडतात, म्हनतात ही जमना का फौजदार! ठेचाबी बिनदान्याचा आनतात आता. बिनदान्याचा ठेचा खाल्ला का कधी? नका खाऊ. जिभेला नुसती आग, बाकी काही न्हाई.

पन तुमी त्या पोरीचं सांगितलं ना पहिल्या बारीला — सहा वर्साची, तिकडं परदेशात, शाळेत कुनाच्या तरी हातचं बिस्कुट खाल्लं, त्यात कनभर दाना होता, अन् घसा सुजून श्वासच बंद झाला — ते ऐकलं अन् मी घरी जाऊन माझ्या नातीकडं पाहतच राहिले. तीबी सहाच वर्साची. बसली होती दारात मूठभर शेंगा घेऊन, फोडते अन् खाते, फोडते अन् खाते. मला वाटलं, माय, ही तिकडं जन्मली असती तर? तवापासून मी मनापासून करते हे काम, म्याडम. पगारासाठी न्हाई करत. म्हणजे पगारासाठीबी करते, पन मनापासून करते. ती पोरगी कोन, कुठली, मला ठाव न्हाई, पन तिच्या घशात माझ्या हातचा दाना जायला नको.

म्हणून तर मी पारूला सोडलं न्हाई.

पारूबाई — बारावी. ती उंच, मशीनीचं तोंड खोलून धुवायची ती. तिचं अन् माझं लगीन एका मांडवात झालं, एकाच तांड्यात आलो, तिला पहिलं लेकरू झालं तवा पानी मी तापवलं. अन् दुसऱ्या बारीला तुमी नापास करून गेल्या ना, तवा मालक म्हनले, जमनाबाई, दाना आला कुठून, शोध. मी समद्यांच्या पिशव्या उलट्या केल्या — अन् पारूच्या पान-तंबाखूच्या चंचीत निघालं लाल साल. शेंगदान्याचं. नखाएवढं. ती म्हनली, सकाळी शेतात शेंगा तोडल्या, तिथं खाल्ल्या, चंचीत कसं आलं मला ठाव न्हाई, आपल्या देवाची, सेवाभायाची आन, मी आत नेलं न्हाई, मशीनीला हात लावायच्या आधी चंची फाटकावरच ठेवते. अन् ठेवत होती, ते खरं हाय. पन साल तर निघालं ना! मी मालकाला सांगितलं. मालकानं तिला घरी पाठवलं. आता नळावर मी गेले का ती अर्धा भरलेला हंडा उचलून जाते. मी म्हनते जाऊ दे, न्याय तो न्याय. माझं चुकलं का? तुमीच सांगा. आज एकच रेघ आली का समद्यांना पटंल का पारूचंच होतं, ती गेली अन् मशीन साफ झाली. म्हणजे — तसं पाहिलं तर मला बरं वाटंल अन् न्हाईबी वाटनार. कसं सांगू? चार मिनिटं झाली का?

अन् आज येनारच एक रेघ, मी सांगते ना! काल दुपारपासून मी एकटीनं मशीन धुतली. पारू नव्हती, तर मीच बोल्ट खोलले, गरम पान्यानं तीनदा, ब्रश घालून, मग फडकं, मग दुसरं फडकं, मग ते तुमचं दवाखान्याच्या वासाचं औशध. तुमी पाहिली ना — तोंड पाहून कुंकू लावता यील अशी झाली. आज सकाळी फाटकावर एकेकीचे हात मी सोताच्या हातानं धुतले. अन् वरतून —

हां, तेबी केलं. ते तर मी तिन्ही बारीला केलं, पन आज जरा जास्तच केलं, म्हणून तर मला खात्री हाय. काय म्हणजे? तुमाला हसायला यील. सांगू? मालकाला सांगू नका, ते म्हनतील जमनाबाई अडानी. पाहा, आमी तांड्याची मानसं, आमच्या आज्या-पंज्यानं बैलावर मीठ लादून कुठून कुठं नेलं, माझ्या बापाकडं, मोहनसिंगाकडं, शेवटचा एक बैल राहिला होता, राज्या नावाचा. बाप काय करायचा, वझं जड असलं, चढाचा रस्ता असला, का राज्याला जुपायच्या आधी पहिला घास त्याच्या तोंडात द्यायचा. सोता उपाशी, पन घास राज्याला. म्हनायचा, पोरी, ज्याच्या पाठीवर आपलं पोट हाय त्याला उपाशी पोटी परीक्षेला उभं करू नये. अन् राज्या कधी चढावर बसला न्हाई, म्याडम, एकदाबी! पोराच्या पेपरला तुमी हातावर दही देता का न्हाई? तसंच हे. मग आता आमचा बैल कोन? हीच की! बारा घरं हिच्या पाठीवर. तुमी यायच्या दिवशी मी झुंजूमुंजू उठते, डोक्यावरून आंघोळ करते, समद्या बायांच्या आधी येते, मशीनीला हात जोडते, अन् तिच्या तोंडात एक घास. एवढासा! चिमनीला पुरनार न्हाई एवढा. बाकीच्या दिवशी न्हाई, बरं का, फकस्त तुमी यायच्या दिवशी. पहिल्या बारीला एक दिला. दुसऱ्या बारीला भेव होतं म्हणून दोन. अन् आज — तीन दिले, आज तिसरी बारी ना, अन् आतून बोटानं चोळूनबी घेतला, म्हनलं, माय, आज बसू नको, आज चढ हाय —

कशाचा म्हणजे? घासाचा काय विचारता, राज्याला जो द्यायचा तोच. गूळ अन्

गूळ अन् दान्याचा कूट.

थांबा. थांबा जरा, म्याडम, असं पाहू नका माझ्याकडं. ते खानं न्हाई ना, तो नेवैद्य हाय! मी खाल्लं न्हाई! पाटीवर काय लिवलंय — आत शेंगदाना खाऊ नये — मी कुठं खाल्ला, मी तर — पदरात बांधून आनला व्हय, पदरात, मग कशात आननार. झटकला? माझा? माझा पदर कोन झटकनार, फाटकावर तर मीच बसते!

आं?

अगं माय गं. अगं माझे माय.

आली का दुसरी रेघ? दाखवा. न्हाई, दाखवा. ही? ही तर चांगली ठसठशीत हाय. पहिल्या बारीला पुसट होती, नव्हं? दुसऱ्या बारीला जरा गडद. अन् आज अशी. एक घास, दोन घास, तीन घास — बाई बाई बाई, म्याडम, मीच वाढवत गेले की! हसू येऊन राहिलं मला, पाहा, थांबत न्हाई, तुमी रागावू नका, डोळ्यातून पानी येतंय अन् हसूबी थांबत न्हाई. पारूनं सेवाभायाची आन घेतली होती. आन घेतली होती तिनं, अन् मी म्हनले, आन कोनीबी घेतं. तिच्या चंचीतलं साल नखाएवढं, अन् मी मुठीनं चारून राहिले होते! अन् त्या पोरीच्या घशात — माझ्या हातचं —

लिवा. कागदावर लिवा, जमनाबाई. पारूबाई लिवू नका, तिचं नाव कुठं लिवलं असंल तर खोडा, माझ्यासमोर खोडा. मालकाला मी सांगते, माझ्या तोंडानं. काढू दे मला. पन अकरा बाया, म्याडम — त्यांचा काय दोष, बारा जनींचा काय दोष, म्हणजे त्यात मी — काय म्हनलात? आनखी एक पट्टी हाय? खरंच? कारन सापडलं तर धुऊन पुन्हा पाहता येतं? आजच? किती वाजेस्तोवर थांबता? पाचची गाडी चुकली तर चालंल? तुमचं भलं होवो, बाई, तुमच्या लेकराबाळांचं —

न्हाई न्हाई न्हाई, मी कशी धुवू! हे हात पाहा. दहाबी बोटं भरलेली. ह्या हातानं मी सकाळी समद्या बायांचे हात धुतले, म्हणजे त्याबी गेल्या कामातून. कोनीच न्हाई आता धुवायला, आजच्या दिवसात जिच्या हाताला मी शिवले न्हाई अशी —

एकच हाय. ती नळावरबी मला शिवू देत न्हाई.

जाते मी. तांडा काही लांब न्हाई, पळत गेले तर जाऊन-येऊन अर्धा घंटा. दार लावून घेतलं तर भाइरून वरडन. चंची फेकून मारली तर मारू दे. तिला म्हनन, पारू, चोर मी हाय, चल, मशीनीचं तोंड धुवायचंय, तुझ्याबिगर कोनाच्या हातचं चालत न्हाई. यील का ती? — तुमाला काय ठाव म्हना. तुमी वळखत न्हाई तिला. मी वळखते.

सरका, म्याडम. त्या कडीला मी हात लावत न्हाई, तुमीच उघडा. अन् तुमीच बसा फाटकावर. आमी दोघी आलो का तिला येऊ द्या सरळ आत. मला भाइरच थांबवा, अन् पदर झटकायला सांगा. मी काहीबी बोलले तरी सोडू नका. जा, उघडा.