हळदीच्या आतलं

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, अधिष्ठाता मॅडम. व्यासपीठावर बसलेले सगळे लहान-मोठे डॉक्टर. आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते न्यायवैद्यक विभागाचे प्रमुख डॉक्टर व्यंकटराव कंधारकर साहेब. त्यांच्या शेजारी बसलेल्या मीनाक्षीताई. आणि समोर बसलेले सिस्टर, ब्रदर, विद्यार्थी, लेकरंबाळं, या सगळ्यांना कन्नड तालुक्यातल्या दगडाबाई साहेबराव नलावडेचा रामराम.

मी चौथी नापास आहे. असल्या सभेत कुणाचं नाव आधी घ्यायचं अन् कुणाचं मागून, ते मला नातीनं, सोनियानं, येताना जीपमधी पढवलं. कुणाचं राहिलं असेल तर तिच्याकडं बघा.

इथल्या समाजसेवा विभागातल्या करुणाताईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, "आजी, साहेब रिटायर होतायत. ज्यांचं काम साहेबांनी केलं अशा घरातलं एखादं माणूस दोन शब्द बोललं तर बरं दिसेल." दोन शब्द त्यांनी स्वतःच लिहूनही दिले. त्यात पहिलंच वाक्य होतं, 'डॉक्टर म्हणजे देवमाणूस.' तो कागद मी घरीच ठेवून आले. देवाला साक्षीला बोलावता येत नाही, अन् मला साक्षीदार पाहिजे.

घाबरू नका मॅडम, मी भांडायला आले नाही. पण सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नाही. आधीच्या वक्त्यांची भाषणं चालू होती तवा मी या खुर्चीवरून त्या खुर्चीवर तीनदा बसले. सगळे म्हणाले, साहेब, आता विश्रांती घ्या, आता स्वतःसाठी जगा. लई चांगलं बोलले. पण तेवढं एक मला म्हणता येणार नाही. का, ते सांगते.

साहेबांची अन् माझी ओळख कशी झाली? आजारपणात झाली नाही. यांच्याकडं येणारा माणूस आजाराच्या पलीकडं गेलेला असतो. माझी थोरली नात मोनिका, पडेगावला दिली होती. नवऱ्याचं नाव गोकुळ. उन्हाळ्यात निरोप आला की कूलरमधी पाणी भरताना करंट लागला अन् गेली. आता सांगा, आपल्या भागात हे कुणाला खोटं वाटेल? दर उन्हाळ्यात कूलर कुणाला तरी घेऊन जातो. आम्हाला पण खरंच वाटलं. मी पेटी उघडली, तिच्यासाठी लुगडं काढलं अन् जीपमधी बसले.

आता लुगडं कशाला, ते इथल्या शहरातल्या पोरींना कदाचित ठाऊक नसेल. आमच्यात सवाष्ण गेली तर तिला शेवटचं लुगडं माहेरचं नेसवतात. ते आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. आम्ही पडेगावात पोचलो तर सगळं आटोपलेलं. आंघोळ झालेली, कुंकवाचा मळवट भरलेला, गळाभर हळद थापलेली, दुकानातून आणलेली हिरवी साडी नेसवलेली. तिरडी तयार. म्हणे ऊन लई आहे, जास्त वेळ ठेवता येत नाही.

मी विचारलं, "माहेरचं लुगडं?"

मोनिकाची सासू म्हणाली, "आम्ही नेसवलंय ना आत्याबाई. तेच माहेरचं समजा."

मी म्हणलं, "समजून माहेर होत असतं तर आम्ही आलोच कशाला?"

झालं. बाया कुजबुजायला लागल्या, की म्हातारी मढ्यापुढं मानपान काढती. माझा स्वतःचा लेक काकासाहेब, पोरीचा बाप, तो मला म्हणतो, "आई, असू दे ना आता, कशाला भांडती." मी म्हणलं, तू पुरुषात जाऊन उभा रहा. मी मानपानासाठीच भांडत होते बरं का. मला कसलाही संशय नव्हता. उगाच मला हुशार करू नका. त्यांनी आमचा मान ठेवला नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मग बायांनी पडदा धरला अन् मी तिला नेसवायला बसले. पदर काढताना माझा घामाचा हात तिच्या गळ्यावरून गेला. हळद निघाली. हळदीखाली लालकाळं होतं, बोटाएवढं रुंद, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत. मी पदराच्या टोकानं आणखी पुसलं, तर आणखी दिसलं. सासू म्हणाली, "अहो हळद आहे ती." मी उठले, बाहेर आले अन् काकासाहेबाला म्हणलं, "हिला उचलायचं नाय. पोलिसाला फोन लाव." मग त्यानं लावला.

तिथून मोनिका पोस्टमार्टमला साहेबांकडं आली.

मीनाक्षीताई, तुमचे मालक मला पहिल्या दिवशी अजिबात आवडले नव्हते. खरं सांगते. आम्ही बाहेर झाडाखाली बसलेलो. हे बाहेर आले, चष्मा कपाळावर, अन् विचारतात काय, "आजी, आंघोळ साबणानं घातली होती का नुसत्या पाण्यानं?" माझं डोकं फिरलं. मी म्हणलं, "साहेब, माझी पोर मेली अन् तुम्हाला साबणाची पडली?" आणखीही बोलले. ते माइकवर सांगण्यासारखं नाही. यांनी सगळं ऐकून घेतलं. अन् ऐकून झाल्यावर तेच पुन्हा विचारलं, "साबण होता का?" मी म्हणलं, "होता. चंदनाचा वास येत होता." "हळद नंतर लावली?" "नंतरच लावतात." तवा म्हणाले, "बरं. आजी, वरचं मी बघणारच, पण त्याच्यावर थांबणार नाही. हळदीच्या आतलं बघावं लागेल." अन् आत गेले.

कशासाठी विचारलं, ते मला लई उशिरा कळलं. कोर्टात कळलं.

खटला उभा राहिला. गोकुळ अन् त्याची आई आरोपी, दोघंही जामिनावर. माझी साक्ष लागली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या कठड्यात उभी राहिले. सरकारी वकिलांनी विचारलं तवर सगळं नीट झालं. मग गोकुळचा वकील उठला. लई गोड माणूस. सुरुवातच अशी केली, "आजी, पाणी देऊ का?" मी म्हणलं नको. म्हणाला, "स्वयंपाक अजून तुम्हीच करता का?"

"सून करती. भाजी माझ्या हातची लागती."

"मग हळदीचा डाग तुम्हाला चांगला माहीत असेल. हळदीच्या डागाला साबण लावला तर काय होतं आजी?"

आता इथं बसलेल्या बायांनो, तुम्हीच सांगा काय होतं. बोला. लाल होतो. कोणत्याही घरात धुणं धुणाऱ्या बाईला विचारा. मी पण तेच सांगितलं, की लाल होतो.

वकील म्हणाला, "अंगावर साबण राहिला असेल अन् वरून हळद लावली असेल, तर गळ्यावर तुम्हाला जे लाल दिसलं, ते हळदीचं नव्हतं कशावरून?"

मी मान हलवली. नाही म्हणून हलवली. तर वरून जजसाहेब म्हणाले, "आजीबाई, मान हलवून चालत नाही. तोंडानं बोला. इथं लिहून घ्यायचं असतं."

अन् तोंडात काही नव्हतं. ज्या तोंडापुढं आमच्या गावचा सरपंच उभा राहत नाही, त्या तोंडात त्या दिवशी एक शब्द नव्हता. कारण त्याचं खोटं नव्हतं ना. हळद साबणानं लाल होतीच. माझ्या डोळ्यांत थोडा मोतीबिंदू आहे, ते पण त्यानं विचारून घेतलं. मी शेवटी म्हणाले, "मला सांगता येणार नाही." तेवढं बरोबर लिहून घेतलं त्यांनी. मागं गोकुळ बसला होता. तो बाटली उघडून सावकाश पाणी प्याला.

त्या दिवसापासून हातात हळदीचा डबा घेतला की मी पहिल्यासारखी राहत नाही. सून म्हणती, भाजीत हळद कमी पडती. पडू दे.

सांगायचं काय, तर माझ्या डोळ्यांनी बघितलेलं त्या चंदनाच्या साबणात वाहून गेलं. राहिलं ते आतलं. अन् आतलं बघितलेला माणूस या जगात एकच आहे. तो या व्यासपीठावर गळ्यात झेंडूचा हार घालून बसला आहे.

तुम्ही म्हणाल, आजी, साहेबांनी सगळं लिहून ठेवलं असेल की. ठेवलंय. गळ्याच्या आतल्या मांसात रक्त साकळलं होतं, असं त्यात लिहिलंय. सरकारी वकिलांनी आम्हाला वाचून दाखवलं. साबण कितीही चांगला असला तरी कातडीच्या आत जाऊन रक्त साकळवत नाही, एवढं मला पण कळतं. पण कागदाला उलटा प्रश्न विचारला तर कागद बोलतो का? मी सरकारी वकिलांना विचारलं, "साहेब गेले तर?" ते म्हणाले, "विभागातले दुसरे डॉक्टर येतील, सही ओळखतील." दुसरे डॉक्टर म्हणजे हे आपले हिमांशू डॉक्टर. लई गुणी पोरगं आहे, त्यानंच मला आत्ता चहा आणून दिला. पण त्या गोड वकिलानं याला विचारलं, "तुम्ही स्वतः पाहिलं का?" तर हे पोरगं खरंच बोलणार. म्हणणार, नाही. अन् गोकुळ पुन्हा बाटली उघडणार.

साहेब दोनदा कोर्टात येऊन बसले, हे मी विसरले नाही. एकदा जजसाहेब रजेवर होते, एकदा गोकुळच्या वकिलाचं पोट दुखत होतं. त्या दुसऱ्या दिवशी साहेब व्हरांड्यात बाकावर बसून डबा खात होते. मी जवळ गेले तर म्हणाले, "आजी, माझ्याशी केसचं बोलू नका, ते बरं नाही." मग आम्ही कशाचं बोललो? मेथीचं. त्यांच्या डब्यात मेथी होती. मीनाक्षीताई, जराशी करपली होती, पण त्यांनी सगळी खाल्ली.

आता साहेबांच्या साक्षीची पुढची तारीख पोळ्यानंतरची आहे. अन् करुणाताई परवा मोठ्या आनंदानं मला सांगतात की साहेब श्रावणातच कॅनडाला निघाले. अश्लेषाकडं, त्यांच्या लेकीकडं. तिला बाळ होणार आहे. ऐकून मी चांगलंच म्हणलं. चांगलंच आहे. लेकीच्या बाळंतपणाला आईबापानं जायचं नाही तर कुणी जायचं? मला कुणाच्या नातवंडाचा हेवा वाटत नाही. पण तेव्हापासून मला बसवत नाही. जेवायला बसले तर अर्ध्यातून उठते. दारात जाते, परत येते. काकासाहेब म्हणतो, आई, तुला काय पाहिजे ते तरी सांग. मला काय पाहिजे ते काकासाहेबाकडं नाही ना.

सोनिया मागून हातवारे करती, आजी बस कर म्हणून. करते गं. एवढं एक राहिलं.

इकडं येण्याआधी मी सरकारी वकिलांना विचारून आले. ते म्हणाले, "आजी, शाल-नारळ काही देऊ नका. साक्षीदाराला काही द्यायचं नसतं, ते लोक तेच धरून बसतील. अन् काय बोलायचं ते तर मुळीच सांगू नका." म्हणून मी रिकाम्या हातानं आले. एवढं मानानं बोलावलं असून शाल आणली नाही, असं कुणाच्या मनात आलं असेल तर त्याचं कारण हे.

काय बोलायचं, ते मी सांगतच नाही. डॉक्टरसाहेब, तुम्ही कोर्टात माझ्या बाजूनं बोला असं माझं म्हणणं नाही. माझ्या पोरीच्या बाजूनं पण बोलू नका. जे बघितलं तेवढंच बोला, अन् जे बघितलं नाही ते बघितलं नाही म्हणा. कुणी केलं, ते तुम्हाला विचारलं तर ते मला माहीत नाही म्हणा, कारण ते तुम्हाला माहीत नाहीच. त्यांच्या वकिलानं साबणाचं विचारलं तर साबणाचं पण सांगा. तुम्ही तर त्याच्या आधीच विचारून ठेवलंय. पण कुणीतरी तिथं उभं राहून म्हणलं पाहिजे, की मी आत बघितलं. हळद-साबण काय तो वरचा खेळ आहे. मी तिथं उभी राहिले अन् मला म्हणता आलं नाही.

आता तर टीव्हीवरून पण साक्ष होती म्हणे. कॅनडातून तोंड दिसतं अन् इथं लिहून घेतात. आमचा सार्थक, मोनिकाचा भाऊ, पुण्याहून फोनवर दिसतो तवा त्याचं तोंड मधीच थांबून जातं, वाकडंच्या वाकडं. त्यामुळं माझा त्याच्यावर भरवसा कमी आहे. पण टीव्हीवरून तर टीव्हीवरून. कोर्ट चालवून घेत असेल तर मी चालवून घेईन. तिथं दिवस असेल का रात्र, ते अश्लेषाला विचारून ठेवा. बाळ झोपलेलं असेल तर हळू बोला, पण बोला.

एवढ्या मोठ्या लोकांपुढं माझ्यासारखीला बोलू दिलं, त्याबद्दल मॅडमचे, करुणाताईंचे अन् सगळ्यांचे आभार. माझं बोलणं निरोपाच्या सभेला शोभणारं नव्हतं, हे मला कळतं. कुणाच्या मनाला लागलं असेल, मीनाक्षीताईंना मेथीचं लागलं असेल, मानपानात कुणाचं नाव चुकलं असेल, तर अडाणी बाई समजून पोटात घाला.

साहेब मघापासून मान हलवतायत. मला दिसतंय, मोतीबिंदू असला तरी.

मान हलवून चालत नाही साहेब. हा माइक घ्या.