राजाभाऊंच्या गाडीचं गुप्त बटण

...तेच तर म्हणतोय मी, गुप्त बटण गुप्त ठेवायला काय बी.ए. व्हावं लागतं? तोंड लागतं फक्त, आणि ते मिटावं लागतं, संपलं. पण तुम्हाला सांगतो, माणूस एकदा हेडमास्तर झाला ना की त्याचं तोंड मिटत नाही, रिटायर झाला तरी नाही, उलट जास्तच उघडतं, कारण तास संपल्याचे टोल द्यायला शाळेचा शिपाई घरी थोडाच येतो? आमचे राजाभाऊ तसे. बाबांचे चुलतभाऊ, म्हणजे माझे काका. छत्तीस वर्षं पोरांना 'तोंडावर बोट' म्हणून ओरडले, स्वतःच्या तोंडावर एकदा ठेवलं असतं तर आज मी तुमच्यासमोर असा घसा कोरडा करत बसलो नसतो.

आणि कॉलेज कोणी सोडलं? मी. म्हणजे अक्कल कोणाला नाही? मला. डिप्लोमाचं दुसरं वर्ष अर्ध्यावर टाकलं, कारण तिथले सर रिलेचं चित्र फळ्यावर काढायचे आणि खरा रिले हातात दिला की तो उलटा धरायचे. मी मिरजोळ्याला एमआयडीसीत एका शेडमध्ये सहा महिने मोटारींचं वायंडिंग केलं, तिथे जे शिकलो ते त्यांच्या वहीत नव्हतं. पण हे बाबांना सांगा बघू. बाबांनी सरळ मुंबईला मामाला पत्र टाकलं, मामाने एका ऑफिसात शिपायाची जागा बघून ठेवली, साहेबांना पाणी द्यायचं, फायली उचलायच्या. आणि मला काय हवं होतं? एक खोली. राजाभाऊंच्या घरापुढे, रस्त्याला लागून, कुलूप घातलेली खोली आहे, आत आंब्याच्या रिकाम्या पेट्या आणि विंचू. तेवढी मिळाली की रेडिओ, टेप, टीव्ही, काय म्हणाल ते दुरुस्त करीन म्हटलं.

तर झालं काय, राजाभाऊंनी साठाव्या वर्षी मोटरसायकल घेतली. कोणत्या कंपनीची ते मी नाही सांगत, ते स्वतःच सांगतात, तुम्ही विचारलं नाहीत तरी. आणि त्याच आठवड्यात दाभोळला जेटीवरून कोणाची तरी गाडी गेल्याची बातमी आली. झालं. माणूस झोपेना. दर तासाला उठून खिडकीतून बॅटरी मारायचा गाडीवर. शेवटी आनंदीकाकू म्हणाल्या, "अहो, गाडीलाच घ्या आत पलंगावर, मी पडवीत झोपते." तेव्हा मला बोलावणं आलं.

"काय रे सदू, तुला म्हणे विजेचं काही कळतं."

"थोडं कळतं."

"चोरघंटा बसवशील?" अलार्म नाही म्हणायचे हां, चोरघंटा. "एक महिना माझी गाडी राखून दाखव. खोलीची किल्ली तुझी. नाही राखलीस तर मुकाट्याने मुंबईला जायचं, आणि तुझ्या बापाला तोंड वर करून बोलायचं नाही."

मी म्हटलं चालेल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सामान मागवलं. आता नीट ऐका, सोपं आहे. काचेची एवढीशी कुपी, आत पाऱ्याचा थेंब आणि दोन तारा. गाडी स्टँडवर कलती उभी असते तेव्हा थेंब एका टोकाला गप्प बसलेला. कोणी गाडी सरळ केली की थेंब घरंगळला, तारा जुळल्या, रिले, म्हणजे विजेचा खटका, पडला, हॉर्न सुरू. आणि तो सुरू झाला की गाडी पुन्हा कलती केली तरी थांबायचा नाही, थांबवायला एकच गुप्त बटण, आणि ते आधीच दाबून ठेवलं तर वाजायचाच नाही. कळलं ना तुम्हाला? तुम्हाला कळलं, राजाभाऊंना कळेना. "पारा म्हणजे ताप मोजायचा ना? मग उन्हात गाडी तापली की वाजेल." म्हटलं काका, तापाने नाही, कलण्याने. "अरे मी शास्त्र शिकवलंय." शिकवलंय ना, त्याचीच तर भीती.

कुपीचा कोन बसवायला मला दोन दिवस लागले. अंगण उतरतं, जांभ्या दगडाचं, गाडी आज एका चिऱ्यावर तर उद्या दुसऱ्यावर. कोन जरा जास्त ठेवला की गाडी माडाला टेकवली तरी ढिम्म, जरा कमी ठेवला की कावळा बसला तरी बोंबाबोंब. त्यात आनंदीकाकूंना शोध लागलेला की काळी सीट ऊन काय धरते, म्हणून त्यांनी सीटवर ताट ठेवून आमसुलं वाळत घातली. मी खाली उताणा पडून स्क्रू पिळतोय आणि वरून रस माझ्या कपाळावर. कावळ्याने ताट ओढलं, गाडी हलली, हॉर्न सुरू झाला, काकू "अगो बाई" म्हणून घरात, कावळा तीन वाड्या पलीकडे, आणि राजाभाऊ काय म्हणाले? "कावळ्याला पण पकडते म्हणजे उत्तम आहे." आणि मी लालभडक कपाळाने घरी गेलो तर आई रडायलाच लागली. आणि कॉलेज कोणी सोडलं? मी.

तर गुप्त बटण. ते मी टूलबॉक्सच्या मागे बसवलं, डाव्या बाजूला, वरून दिसायचं नाही, बोट आत घालून वर वळवलं की लागायचं. काकांना बाजूला घेतलं, म्हटलं काका, हे दोघांनाच ठाऊक, एक तुम्ही, एक मी. काकूंना पण नाही. ते म्हणाले, "मेल्या, मी एसएससीचे पेपर सांभाळलेत."

पेपर सांभाळले असतील. बटण सांभाळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टमन आला. मी समोरच्या दगडी गडग्यावर बसून बघतोय. राजाभाऊ गाडी हलवतात, हॉर्न वाजतो, पोस्टमन दोन पावलं मागे, राजाभाऊ हसतात, आणि मग, तुम्हाला सांगतो, त्या माणसाचा हात धरून, अक्षरशः बोट धरून टूलबॉक्सच्या मागे घातलं त्याचं. "लागलं? दाबा. बघा, बंद. आता बोला, चोराच्या बापाला तरी सापडेल का?" पोस्टमन म्हणाला नाही सापडणार. कसं सापडेल, त्याचा हात कोण धरणार?

मी धावत गेलो. "काका, अहो गुप्त ना ते?"

"अरे, विश्वासातला माणूस आहे."

मग विश्वासातला दूधवाला. मग विश्वासातले भटजी. मग नारळ पाडायला आलेला रावजी, तो माडावर होता, तर त्याला खाली बोलावून दाखवलं. सत्यनारायण घातला त्या दिवशी तर प्रसाद घ्यायचा, हात धुवायचे आणि बटण दाबायचं, अशी रांग. हवालदार महिपतसुद्धा त्या रांगेत, टोपी काखेत धरून. मी मोजत होतो हो, काही उद्योग नाही ना मला, अठ्ठाविसाव्या दिवशी आकडा एक्केचाळीस. माझ्या कॉलेजात एवढी पोरं प्रॅक्टिकलला आली नव्हती. आणि सगळ्यांना वर दम, "कोणाला सांगू नका हं." सांगणार कोणाला? उरलंय कोण? आणि कॉलेज कोणी सोडलं? मी.

एकोणतिसाव्या दिवशी मंडणगडचे व्याही आले. चिंतामणराव, राजाभाऊंच्या पद्मजेचे सासरे. आता व्याही म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको. व्याही शिंकले तरी घरातले चूक आपली म्हणून उभे राहतात. त्यांना बटण दोनदा दाखवलं, जेवणाआधी एकदा, जेवणानंतर एकदा. मग व्याही माडीवर लवंडायला गेले, राजाभाऊ ओटीवर लवंडले, काकूंनी दारं लोटली, मी घरी गेलो. म्हटलं उद्या एवढ्या वेळेला किल्ली हातात.

चार वाजता निरोप, गाडी नाही.

पळत गेलो. अंगणात चिरा, चिऱ्यावर तेलाचा डाग, गाडी नाही. पडवीतल्या कॅलेंडरखाली खिळा, त्याला गाडीची किल्ली असायची, तीही नाही. किल्ली उघड्या खिळ्याला बरं का, लपवायचं होतं ते बटण. महिपत हवालदार सायकलवरून आलेले. आणि सगळे कुजबुजतायत. का? तर व्याही वर झोपलेत, त्यांना कळलं तर अब्रू जाईल. चोरीची तक्रार, आणि ती कानात. राजाभाऊ माझ्याकडे बोट दाखवून फुसफुसतात, "लिहा. गुप्त बटण दोघांनाच ठाऊक. एक मी. एक हा. घंटा वाजली नाही. आणि मी माझी गाडी चोरेन का?"

मी म्हटलं, "आणि मी का चोरीन? उद्या महिना भरतोय, खोली हवीय मला."

"हळू बोल, गाढवा. व्याही उठतील."

महिपत खाली बघत म्हणाले, "मास्तर, ते टूलबॉक्सच्या मागचं ना?"

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"तुम्हीच दाखवलंत. प्रसादाच्या दिवशी."

"तुम्ही पोलीस. पोलीस धरायचे नसतात त्यात."

तेवढ्यात माडावरून रावजी, "मला पन म्हाईत हाय, भाऊनू." त्याला बिचाऱ्याला कुजबुजता येत नाही, एवढ्या उंचीवरून कोण कुजबुजणार? गडग्यापलीकडून दूधवाला म्हणाला, मलाही. आतून आनंदीकाकू म्हणाल्या, "मला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे वाटतं. मी आपली रोज बोंबलत्या गाडीखालून आमसुलं वेचते." बाबाही आलेले, त्यांनी खिशातून एस.टी.चं रिझर्व्हेशन काढून ठेवलेलं मला दिसलं. परवाच्या गाडीचं. म्हणजे ह्यांनी आधीच काढलेलं, आणि मी महिनाभर पाऱ्याची कुपी पुसतोय. आणि कॉलेज कोणी सोडलं...

आणि फटफट फटफट करत अंगणात काय आलं? गाडी. गाडीवर व्याही. व्याह्यांच्या मागे करकचून बांधलेला फणस.

"काय हो, सगळे उभे का?" चिंतामणराव उतरले. "मिरजोळ्याला भाच्याकडे जाऊन आलो. तुमची वामकुक्षी मोडायला नको म्हणून बटण दाबलं, गाडी ढकलत रस्त्यापर्यंत नेली आणि मगच किक मारली. सुंदर चालते हं. हे पोलीस कशाला?"

तुम्ही राजाभाऊंचा चेहरा बघायला हवा होता. आता ह्या माणसाने काय बोलावं? व्याही चोर? व्याह्यांवर तक्रार? लेक नांदायचीय ना तिथे? महिपतच्या वहीत शाई ओली.

"परीक्षा," राजाभाऊ म्हणाले. "चोरघंटेची परीक्षा ठेवली होती. हवालदारांसमक्ष."

"पण ती वाजली कुठे? म्हणजे नापास ना?"

"छे छे. माहितगाराच्या हातात वाजता कामा नये, तेच बघायचं होतं. पास. पहिल्या वर्गात पास."

एवढं ऐकलं आणि मी पुढे झालो. मोठ्याने म्हटलं, व्याह्यांना स्वच्छ ऐकू जाईल असं, "मग काका, ठरल्याप्रमाणे खोलीची किल्ली?"

"कसली किल्ली?" व्याही म्हणाले. मी सांगितलं. अख्खं सांगितलं, फक्त चोरीचं सोडून. "वा," ते म्हणाले, "राजाभाऊ शब्दाचे पक्के, आमची पद्मजा सांगतेच नेहमी." संपलं. काका मला डोळ्यांनी खातायत आणि हाताने किल्ली काढून देतायत. बाबांनी रिझर्व्हेशन परत खिशात घातलं. महिपतनी कागद फाडला, फणसाचे गरे खाल्ले आणि गेले.

तर खोली मिळाली. पेट्या काढल्या, विंचू काढले, बाक टाकलं. आता म्हणाल मग तक्रार कसली करतोस? तक्रार ही, की राजाभाऊंना आता माझा अभिमान वाटायला लागलाय. काल मी सामान आणायला बाजारात गेलो होतो, तेवढ्यात त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात दुकानाचा बोर्ड रंगवून रस्त्याकडे तोंड करून टांगला. 'येथे मोटरसायकलीस चोरघंटा बसवून मिळेल. गुप्त बटण टूलबॉक्सच्या मागे, डाव्या बाजूस. चोराच्या बापालाही सापडणार नाही.'

ऑइलपेंट आहे हो. घासलं, रॉकेल लावलं... नाही निघत.