आग्रहाची भाकरी आणि फास्ट चार्जर

हॉटेलात आलेल्याला पोटभर जेवू घालायचा आमच्या दादांचा आग्रह साऱ्या गावाला ठाऊक आहे. नरसीच्या रस्त्यावर आमच्या हॉटेलापुढं त्यांनी इलेक्ट्रिक गाड्यांचा फास्ट चार्जर बसवला, तर तिथंबी तेच.

परवा पुण्याचा एक जण आला. चहा-नाश्ता होईस्तोवर गाडी ऐंशी टक्के भरली. तो म्हणला, "काका, पिन काढा. वाशिमला मुलगी बघायला जायचंय."

"काहून? शंभर होऊ द्या की."

"ऐंशीनंतर बॅटरी हळूहळूच घेते, काका. वाशिमला एवढी पुष्कळ झाली."

"आमच्या दारातून पाहुणा अर्ध्या पोटी जात न्हाई," म्हणून दादांनी त्याच्यापुढं पिठलं-भाकरीचं ताट ठेवलं. दोन भाकरी त्यानं भराभर खाल्ल्या. तिसरी दादांनी बळंच वाढली, ती तो चावतच बसला.

दादा म्हणले, "बघा, आग्रहाची भाकरी तुमीबी हळूच खाऊन राहिले. मंग गाडीला काहून घाई?"

शंभर झाल्यावरच सोडला त्याला, पोचल्यावर फोन करायला सांगून. संध्याकाळी फोन आला. बिचारा हळू आवाजात म्हणला, "काका, पोट भरलंय म्हटलं, तरी ही मुलीकडची माणसं वाढतच आहेत."

दादांची छाती फुगली. म्हणले, "मंग घर चांगलं आहे. हो म्हणून टाका."