शेवटचं पान आधी

मंडळी, समोर मेघनावहिनी आहेत, ऋजुता आहे, नागावातली निम्मी आळी आहे. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं. सुधीरदादांबद्दल चांगलं बोलणं सोपं आहे. मला जे बोलायचंय ते सोपं नाही. मध्येच थांबले तर थांबू द्या.

जे बाहेरगावहून आलेत त्यांच्यासाठी सांगते. मी वैशाली. इथल्या वाचनालयात काम करते. दादा तालुक्याच्या कचेरीतून सुटले की घरी जायच्या आधी माझ्याकडे यायचे. गेली कित्येक वर्षं ते एकाच गोष्टीसाठी यायचे. ‘नीलगडाची गाथा’. सात खंड, एकेक उशीएवढा. गड, राण्या, ड्रॅगन, लढाया. पन्नाशीतला माणूस ड्रॅगनच्या मागे लागलाय म्हणून तुम्ही सगळ्यांनी त्यांची टिंगल केलीत. मीही केली.

आणि त्यांची एक खोड होती. नवा खंड हातात आला की टेबलाजवळ उभ्या उभ्याच शेवटचं पान उघडायचे. कोण मेलं, कोण उरलं, ते आधी बघायचे. मग पहिल्या पानाकडे यायचे. मी चिडायचे. ‘अहो दादा, सगळी मजा जाते!’ ते म्हणायचे, ‘तुझी जाते गो. माझी तिथून सुरू होते.’

तिसऱ्या खंडात तारगा नावाचा आचारी आहे. लढाईच्या आदल्या दिवशी तो प्रत्येक शिपायाला वाढताना विचारतो, मीठ बरोबर आहे ना? एवढंच पान. मी ते भरभर उलटून गेले होते. दादा त्या पानावर आठवडाभर थांबले. ‘हा उद्या मरणार आहे, वैशाली. मला माहितेय. म्हणून मला त्याचं मीठ दिसलं.’ असं म्हणाले. ते ऐकल्यावर मी घरी जाऊन ते पान पुन्हा वाचलं, आणि खरं सांगते, रडले.

पण त्यांचा सगळ्यात आवडता माणूस तारगाही नाही. आम्ही सगळे ड्रॅगनवर फिदा, आणि यांचा आवडता कोण? जासूद इसान. साती खंडांत तो येतो फक्त वाईट बातमी घेऊन. राजासमोर उभा राहतो आणि सांगतो, महाराज, गड पडला. महाराज, तुमचा मुलगा गेला. कोणी त्याला शिव्या देतं, एक राणी तर चाबूक मारते. तरी पुढच्या वेळी तो येतोच. दादा म्हणायचे, ‘तलवार काय, कोणीही चालवेल. हे कोण करेल?’

मंडळी, कोण करेल? मी नाही केलं.

दादा आजारी पडले, रिपोर्ट आले तेव्हा घरच्यांनी ठरवलं, दादांना सांगायचं नाही. खचतील म्हणून. लेकीची, ऋजुताची, पुण्यात परीक्षा, तिलाही सांगायचं नाही. वहिनी, मी तुम्हाला दोष देत नाही. आपल्याकडे असंच करतात. माझ्या वडिलांच्या वेळी आम्हीही हेच केलं. वहिनी वाचनालयात आल्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या, ‘आमच्यावर त्यांचा विश्वास बसत नाहीये. तुझ्यावर बसेल. तू त्यांना कधी खोटं सांगितलेलं नाहीस.’

खरंच नव्हतं सांगितलं.

सातवा खंड आला तो घेऊन मी त्यांच्या घरी गेले. पडवीत खाट टाकली होती. हातात पुस्तक पेलवत नव्हतं. म्हणाले, ‘वाच. शेवटचं पान आधी.’ मी वाचलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग डोळे उघडले आणि मला म्हणाले, ‘आता माझं सांग.’

दार उघडं होतं. आत वहिनी होत्या, वहिनींचे भाऊ होते. मी म्हटलं, ‘दादा, रिपोर्ट चांगले आलेत. पावसाळा संपला की नारळाच्या वाडीत फिरायला लागाल.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘बरं.’

आणि त्यांनी माझं खरं मानलं! हे मला सहन होत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी ऋजुताला फोन केला. मी तिथेच बसले होते. ‘घाई करू नकोस गो, पेपर सगळे नीट दे, मग सावकाश ये. मी काय पळून जातोय?’ हसत हसत म्हणाले. मी पुस्तकात बोट घालून बसले होते.

ऋजुता आली त्या दिवशी दादांना अंगणात ठेवलं होतं. वाडीत कामाला येणाऱ्या जनीआक्का माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘सगल्यांना म्हाईत व्हतं गो. एक दादांना न्हवतं, नि पोरीला.’

ऋजुता, तू मला माफ करावंस असं मी म्हणणार नाही. तुझे वडील होते ते, आणि ते दिवस तुम्हा दोघांचे होते. ते मी घालवले. मायेपोटी केलं असं लोक मला सांगतात. मला वाटतं, मी घाबरले होते. बाकी काही नाही.

काहीजण इथे म्हणाले, दादा शांतपणे गेले. कृपा करून असं म्हणू नका. त्यांना काही माहीतच नव्हतं. त्याला शांतपणे जाणं म्हणत नाहीत.

आता आपण सगळे उभे राहू. दोन मिनिटं कोणीही बोलू नये. पण त्याआधी मला त्यांना उत्तर द्यायचंय. उशीर झालाय, ते ऐकणार नाहीत, मला कळतंय. तरी सगळ्यांसमोर देते.

सुधीरदादा, रिपोर्ट चांगले नाहीत. तुम्ही बरे होणार नाही. डॉक्टर तीन आठवडे म्हणतात. ऋजुताला आजच बोलावून घ्या.