काखेत हात घालून

विमान सुटायला अवकाश होता. पुढच्या रांगेत एका तरुणीला चाकाच्या खुर्चीतून आणून बसवलं, शेजारी तिची आई. हवाई सुंदरी वाकून विचारू लागली, तसं मागच्या रांगेतल्या एका बाईंनी ऐकायला पुस्तक मिटलं.

“आणीबाणीत बाहेर काढायची वेळ आली, तर तुम्हाला कसं धरायचं?”

“तिला काय विचारता? मी उचलीन की!”

“आई, घरच्या दोन पायऱ्या चढवताना तुझी कंबर धरते. ताई, काखेत हात घालून मागे ओढा. पाय घासले तरी चालतील.”

“लेकीला पोत्यासारखं ओढणार?”

“तू उचलत बसलीस, तर दोघी आतच राहू.”

“चार लोकांत शोभतं का ते?”

“चार लोक तोवर बाहेर गेलेले असतील, आई.”

आईने लेकीकडे वळून हात पुढे केला.

“पोरी, काखेत म्हणजे नेमकं कुठे धरायचं? दाखव मला.”